मदत हवी आहे: मेनूमध्ये अक्षराप्रमाणे आणि खेळात जागेप्रमाणे बटणे चालवता येतील का?

नमस्कार मंडळी,

संगणकावर गेम खेळताना मी निन्टेन्डोच्या धाटणीचा कंट्रोलर वापरतो. त्यावर 'ए' उजवीकडे आणि 'बी' खाली असते. ही मांडणी निन्टेन्डोच्या १९९० च्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रापासून चालत आली आहे. संगणकावरचे बहुतेक गेम मात्र समोर एक्सबॉक्सचाच कंट्रोलर आहे असे गृहीत धरतात, आणि त्यावर 'ए' खाली व 'बी' उजवीकडे असते. 'एक्स' आणि 'वाय' यांचीही अशीच अदलाबदल आहे. परिणामी पडद्यावर 'पुढे जाण्यासाठी ए दाबा' अशी सूचना येते, अंगठा इमानेइतबारे छापील 'ए'वर जातो आणि मी मागच्या पानावर जाऊन पोहोचतो.

बटणे अक्षराप्रमाणे धरायची की जागेप्रमाणे, हे निवडण्याची सोय स्टीममध्ये (संगणकावर गेम विकत घेऊन चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे. अक्षराप्रमाणे धरली की मेनू सुरळीत चालतात, पण खेळाचा विचका होतो. धावत्या उड्यांच्या गेममध्ये अंगठ्याच्या टोकाने डावे बटण दाबून पळत राहायचे आणि त्याच अंगठ्याचे पेर खाली टेकवून उडी मारायची, हे इतके अंगवळणी पडलेले असते की ती जोडी वर-उजवीकडे सरकली की हात परका वाटू लागतो. जागेप्रमाणे धरली तर खेळ उत्तम चालतो, पण पडद्यावरची प्रत्येक सूचना खोटी ठरते. एकूण काय, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

'सवय करून घ्या' हे उत्तर मला पटत नाही. फोनवर १-२-३ ही ओळ वर असते आणि कॅल्क्युलेटरवर ७-८-९, तरी आपण अडखळत नाही, कारण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि हाताला तो फरक कळतो. विंडोजमध्ये 'ओके' सहसा 'कॅन्सल'च्या डावीकडे आणि मॅकवर उजवीकडे असते, तेही याच कारणाने निभावते. माझ्या बाबतीत वस्तू एकच आहे आणि तिच्यावरची अक्षरे एक सांगतात, तर पडदा दुसरेच. प्लेस्टेशनवरही जपानमध्ये होकारासाठी गोल आणि इतरत्र बहुधा फुली अशी तफावत वर्षानुवर्षे होती. २०२० च्या प्लेस्टेशन ५ पासून जपानमध्येही फुलीच आली. तेव्हा तिथल्या खेळाडूंच्या अंगठ्यांचे काय झाले असेल, याची मला आता चांगली कल्पना येते.

स्टीम इनपुटमध्ये, म्हणजे स्टीमच्या कंट्रोलर जुळवण्याच्या सोयीत, दोन 'ॲक्शन सेट' (बटणांच्या कामांचे संच) करून, एक खेळासाठी आणि एक मेनूसाठी, मेनू उघडण्याच्या बटणावर त्यांची अदलाबदल लावून पाहिली. अडचण अशी, की मेनू त्याच बटणाने बंद केला तर सारे ठीक राहते, पण 'मागे' दाबत दाबत बाहेर पडलो तर गेम खेळात परततो आणि कंट्रोलर मेनूतच राहतो. 'मागे'वरच अदलाबदल लावावी, तर मेनूच्या आतल्या पानांवरही ती होते.

मेनू उघडा आहे की बंद, हे गेमकडून आपोआप कळून मांडणी बदलेल, असा काही मार्ग कुणाला ठाऊक आहे का? स्टीमखेरीज दुसरे एखादे सॉफ्टवेअर चालेल, मात्र ऑनलाइन गेममध्ये त्यामुळे फसवणुकीचा संशय येऊ नये. ज्या गेममध्ये पडद्यावरची बटणांची चित्रे कंट्रोलरप्रमाणे बदलता येतात, तिथे जागेची मांडणी ठेवून भागते. म्हणून इतर गेमसाठी चित्रे बदलणारे मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले फेरफार) वापरले असल्यास तो अनुभवही सांगावा.

जाता जाता एक निरीक्षण: काही गेममध्ये जतन केलेला खेळ पुसताना बटण दाबून धरावे लागते आणि भोवतीचे कडे पूर्ण भरल्यावरच तो पुसला जातो. अशा पडद्यावर चुकीचे बटण दाबले गेले तरी सावरायला वेळ मिळतो. ही पद्धत कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी कमी का दिसते, कोण जाणे.

नवा कंट्रोलर घेणे हा उपाय मला सुचलेला आहे, पण हा हातात इतका छान बसतो की तो शेवटचा ठेवला आहे. त्याआधी, बटणांवर अक्षरांचे स्टिकर लावून कुणी पाहिले आहे का, आणि ते अंगठ्याच्या घामापुढे टिकतात का?