'शे' हा शब्द धरायचा की नाही?

झोक्यावरची:
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी, खानदेशातल्या अमळनेरला जमलो होतो. गडी पत्त्यांना बसले, आम्ही बायकांनी अक्षरांचा खेळ मांडला. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे चौकोन, व्यंजनाचा तुकडा वेगळा, काना-मात्रेचा वेगळा. आडवे-उभे शब्द जुळवायचे, शब्दाला किमान दोन तुकडे हवेत. शब्द मराठी हवा आणि एकटा उभा राहणारा हवा. धाकट्या वहिनीने 'श'वर मात्रा ठेवली आणि गुण मागितले. थोरली पुण्याची. ती म्हणाली, हा कुठला शब्द? धाकटी म्हणाली, "तुनं नाव काय शे?" यातला.

माझं मत, धरावा. आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. धुळ्यापासून चाळीसगावापर्यंत लोक दिवसभर तो शब्द बोलतात. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये ए-ई ही दोन अक्षरं शब्द म्हणून चालतात. तो स्कॉटलंडकडचा 'एक' आहे. त्या खेळाच्या कॉलिन्स शब्दयादीत तर सी-एच सुद्धा आहे, जुन्या बोलीतला 'मी'. त्यांना त्यांच्या गावाकडचं चालतं, आम्हाला आमचं का नाही?

कोशवाला:
तुमचाच नियम वाचा: मराठी आणि एकटा उभा राहणारा. प्रमाण मराठीत 'शे' आहे, पण तो शंभरातला. संस्कृत शत, प्राकृत सय, त्यातून पाचशे-सातशेमधला 'शे'. तो संख्येच्या पाठीवर बसूनच येतो. बाजारात कुणी "शे रुपये द्या" म्हणत नाही, "शंभर द्या" म्हणतं. म्हणजे अहिराणीतला घ्यावा तर मराठी नाही आणि मराठीतला घ्यावा तर एकटा नाही. गुण शून्य.

पांझराकाठ:
'शे-दोनशे माणसं होती' यात तो पुढे चालतोय की! मागे कुणी नाही.

कोशवाला:
पुढे चालतोय, पण दोनशेचं बोट धरून. सुटा काढून दाखवा.

पांझराकाठ:
बरं, शंभर सोडा. आमच्या 'शे'चं गोत्र बघा. गुजरातीत छे, राजस्थानीत छै, मैथिलीत अछि, बंगालीत आछे, नेपाळीत छ. ही सगळी प्राकृतातल्या 'अच्छइ'ची पिलावळ. त्याच्या मागे संस्कृतातलं नेमकं कोणतं रूप, यावर पंडितांचं अजून जमलेलं नाही, ते त्यांचं ते बघतील. जुन्या मराठी लिखाणात 'असे' म्हणजे 'आहे' भेटतं, तेही बरेच जण याच घराण्यात बसवतात. म्हणजे काठमांडूपासून कोलकात्यापर्यंत नातलग असलेला शब्द, आणि पुण्याच्या वहिनी विचारतात कुठला!

तुमचा शंभरवाला 'शे'ही कमी फिरलेला नाही. अवेस्तात सतम, लॅटिनमध्ये केंटुम, त्यावरून इंग्रजीत सेंच्युरी. इंग्रजीतला हंड्रेडसुद्धा त्याच मुळाचा. दोन 'शे', दोन वेगळी कुळं, उच्चार एक.

केळीबाग:
रावेरकडून लिहितोय. खानदेश म्हटलं की सगळे अहिराणी धरून चालतात, तेवढं थांबवा. आमची लेवा गणबोली. आमच्याकडे 'हाये', 'शे' नाही. असोद्याच्या बहिणाबाईंनाही लोक अहिराणीच्या कवयित्री करून टाकतात, म्हणून सांगावं लागतं. बाकी शब्द धरा नाहीतर सोडा, आमचं काही जात नाही.

आंडोर:
मी कट्टर अहिराणीवाला, आणि माझं मत धागाकर्तीच्या विरुद्ध. 'शे' मराठीच्या खेळात धरू नका! ग्रियर्सनने 1907 साली भारताच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांसोबत ठेवलं, म्हणजे गुजराती-राजस्थानीच्या अंगाने. 2011च्या जनगणनेत खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे, 18 लाखांवर लोक. एकीकडे आम्ही म्हणायचं अहिराणी ही स्वतंत्र भाषा शे, आणि दुसरीकडे दोन गुणांसाठी तिला मराठीच्या पदराला बांधायची? शब्द खरा, पाट चुकीचा.

कोशवाला:
चला, विरोधक अमळनेरच्याच बाजूने आले. मी सुटलो.

झोक्यावरची:
सुटला नाहीत. त्याच डावात थोरलीने 'बस' लावला, गाडीच्या अर्थाने. धरला. कुणीतरी 'पेन' लावला, तोही धरला. ते मराठी कधी झाले? वापरून झाले ना? मग आमच्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला शब्द परका, आणि विलायतेहून आलेला घरचा?

कोशवाला:
'बस' सावंतवाडीतही कळते आणि चंद्रपुरातही. 'शे' ऐकून कोल्हापूरकर पुढचा आकडा ऐकायला थांबेल.

पांझराकाठ:
हा तडाखा बरा होता. तरी कोल्हापूरकराला कळतं तेवढंच मराठी, हे कुणी ठरवलं?

खिडकीतून:
फ्रेंच शिकतेय. त्यांच्यात 'शे' म्हणजे 'अमक्याच्या घरी', लॅटिनमधल्या घर या अर्थाच्या 'कासा'वरून. धाकट्या वहिनींना तेही गुण द्यावेत का?

झोक्यावरची:
तिला सांगू नका, मागेल.

आंडोर:
माझं ऐका, अहिराणीचा वेगळा संच कापा. 'न'चे तुकडे दुप्पट करा, कारण तुनं, मनं, घरना, गावनी, पावलोपावली 'न' लागतो. 'ण' आणि 'ळ' काढून टाका. पाणीचं पानी, डोळ्याचा डोया. मग 'शे' लावा, 'शेतस' लावा, हरकत घ्यायला कुणी येणार नाही.

झोक्यावरची:
'ळ'चे मोठ्या हौसेने कापलेले तुकडे आहेत, त्यांचं काय करू? रावेरला पाठवू का? केळीसाठी लागतील.

केळीबाग:
आम्हीही 'केयी'च म्हणतो. पुण्याला पाठवा.