लॅक रिप्रेसर तयार घ्यायचा की स्वतः प्युरिफाय करायचा?

जेलवाला: गेल्या आठवड्यात कॅटलॉगमधून मागवलेल्या रिकॉम्बिनंट लॅक रिप्रेसरची (ई. कोलाय जिवाणूत लॅक जनुकं बंद ठेवणारं प्रोटीन) ट्यूब उघडली. डेटाशीटवर शुद्धता ८५ टक्क्यांच्या वर, एसडीएस-पेजनुसार (प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळं करणारं जेल), बास. हिस टॅग (प्रोटीन कॉलमवर पकडायला जोडलेली हिस्टिडिनची शेपटी) कुठल्या टोकाला ते लिहिलेलंच नाही. जेलवर ३८ किलोडाल्टनला झकास बँड आला, म्हटलं चला काम झालं, आणि जेल शिफ्ट (प्रोटीन चिकटलेला डीएनए जेलमध्ये मागे राहतो का ते बघणं) लावला तर ऑपरेटर डीएनए (रिप्रेसर चिकटतो तो तुकडा) हलायचं नावच घेईना, प्रोटीन दहापट केल्यावर कुठे पुसटसा शिफ्ट. अहो एसडीएस जेलमध्ये आपण प्रोटीन उकळून सरळ करून पळवतो, तिथे जिवंत आणि मेलेलं दोन्ही सारखंच दिसणार ना! माझं मत स्पष्ट आहे, एन्झाइम वगैरे ठीक, पण रेग्युलेटरी प्रोटीन विकत घेऊच नये.

रात्रपाळी: एका ट्यूबवरून एवढा मोठा निकाल? आम्ही हौसेनं स्वतः केला होता बीएल२१ मध्ये (ई. कोलायचा स्ट्रेन), आयपीटीजीने इंड्युस करून (म्हणजे ते रसायन टाकून जनुक चालू करून). आता गंमत बघा, लॅक रिप्रेसरला डीएनएवरून सोडवणारं रसायन कुठलं, तर हेच आयपीटीजी. घाईत डायलिसिस अर्धवट सोडलं, आयपीटीजी आत राहिलं आणि तीन आठवडे आम्ही डीएनएला दोष देत बसलो. शिवाय बीएल२१ चा स्वतःचा लॅक रिप्रेसर असतोच, म्यूटंट बनवत असाल तर दोघांचे सबयुनिट एकत्र येऊन मिश्र टेट्रामर (चार सबयुनिटचे गट) होतात, मग नक्की काय मोजलं ते देव जाणे. असली कटकट करण्यापेक्षा ट्यूब घ्या आणि प्रयोग करा. आणि हो, कॉम्पिटिटर डीएनए (फालतू चिकटणं शोषून घ्यायला टाकतात तो साधा डीएनए) किती टाकला होता? रिप्रेसर साध्या डीएनएलाही चिकटतो, जास्त टाकला तर सगळा तिकडेच जाईल.

जेलवाला: कॉम्पिटिटरशिवायही लावून बघितला, तेच. आणि आयपीटीजीचा त्रास तुमच्या घाईमुळे झाला, पद्धतीचा काय दोष? गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये हा रिप्रेसर पकडला तोच मुळी रेडिओॲक्टिव्ह आयपीटीजी चिकटतं का ते डायलिसिसने बघून. लॅकचा रिप्रेसर स्वतःचा लॅक रिप्रेसर नसलेल्या स्ट्रेनमध्ये करायचा, संपला विषय.

रात्रपाळी: बोलायला सोपं आहे. हिस टॅग पकडणाऱ्या निकेल कॉलमवरून पहिल्यांदा काढाल तेव्हा हिस्टिडिनवाला एसएलवायडी (जिवाणूचं स्वतःचं प्रोटीन) पण शेपटीसारखा येतो, मग दुसरा कॉलम, मग डीएनए लटकलाय का ते २६०-२८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणावर बघा, आणि एवढं करून फ्रीझरमध्ये ठेवला की दोनदा वितळवला तरी मरतो. ज्याला दोन जेल शिफ्ट करायचेत त्याने महिना घालवायचा का?

हेलिक्स_टर्न: दोघंही घरच्या आणि दुकानच्या भांडणात अडकलात. घरचा असो की विकतचा, टायट्रेशन केल्याशिवाय मी वापरत नाही. डीएनए केडीपेक्षा (ज्या प्रमाणाला निम्मा डीएनए बांधला जातो) कितीतरी जास्त घ्यायचा, समजा १०० नॅनोमोलर, आणि प्रोटीन थोडं थोडं वाढवत जायचं. ज्या ठिकाणी मोकळा डीएनए संपतो तिथे काम करणारं प्रोटीन किती ते कळतं. आयपीटीजी टाकल्यावर शिफ्ट नाहीसा झाला तर आणखी चांगलं. टॅगचं मात्र जेलवाल्याचं बरोबर आहे. डीएनएला पकडणारा भाग एन टोकाला असतो आणि सी टोकाला टेट्रामर जुळतो, शेवटचे ११ अमिनो आम्ल काढले तर डायमरच (दोन सबयुनिटचा गट) राहतो. म्हणजे दोन्ही टोकं कामाची, टॅग कुठे आहे ते न लिहिणं म्हणजे कमालच.

रात्रपाळी: हे मान्य. पण टायट्रेशन विकतच्या ट्यूबवरही होतं की, म्हणजे माझाच मुद्दा.

जेलवाला: काल केलं. ट्यूबमधलं जेमतेम १२ टक्के प्रोटीन जिवंत निघालं. डेटाशीटवरच्या ८५ चं आता लोणचं घालू का?

हेलिक्स_टर्न: हिशोब कसा धरलास? एका टेट्रामरला दोन ऑपरेटर बसतात. एकच धरला असशील तर १२ नाही, ६ आहे.

जेलवाला: ... एकच धरला होता.