मदत हवी आहे: जॅझच्या स्वरलेखनात श्रोत्यांची दाद कशी नोंदवावी?

ग्वाल्हेरमधील आमच्या छोट्या श्रोतामंडळासाठी मी अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी १२ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये सादर केलेल्या 'माय फनी व्हॅलेंटाइन'चे भातखंडे पद्धतीने (हिंदुस्थानी संगीताच्या स्वरलिपीत) स्वरलेखन करीत आहे. पांढरी एक (हार्मोनियमची पहिली पांढरी पट्टी) हा षड्ज, म्हणजे सा, धरला असून मूळ गीताच्या ३६ बारांचे (बार म्हणजे चार मात्रांचा खंड), म्हणजे १४४ मात्रांचे, एक आवर्तन मानले आहे. स्वर बहुतेक उतरले आहेत. अडचण श्रोत्यांच्या प्रतिसादाची आहे. ट्रम्पेटच्या वादनात एका श्रोत्याच्या तोंडून उत्स्फूर्त उद्गार निघतो, तो ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो, आणि माझ्या मते त्या क्षणाचा ताण त्याच्याशिवाय कागदावर येणारच नाही.

ध्वनिमुद्रण निम्म्या गतीने ऐकून दादेची जागा शोधली. तिच्यासाठी गुणिले चिन्ह वापरावे, तर ती समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, खूण आहे. स्वरांखाली स्वतंत्र ओळ घेतली, तर मंडळींना ते गीताचे शब्द वाटले. शिवाय आरंभीचा भाग मुक्त लयीत असल्याने तिथे मात्रा मोजून जागा दाखवता येत नाही. पुढे दुप्पट लयीचा भास होतो, तेथेही आवर्तन तेच ठेवले आहे.

आमच्यापैकी कोणालाही पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नये. मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचे स्वरलेखन ज्यांनी केले आहे, त्यांनी सांगावे: मुक्त लयीतील आणि तालबद्ध भागातील दाद एकाच चिन्हाने दाखवता येईल का, आणि ते चिन्ह नेमके कोठे लिहावे?