मंगळावरचे 'हंगामी' बदल : योग्य विशेषण कोणते?

चाळणी
एका विज्ञानविषयक मजकुराचं मराठीकरण चालू आहे. नासाच्या क्युरिऑसिटी गाडीने मंगळावरच्या गेल विवरात मोजलेला मिथेन वर्षभरात ०.२४ ते ०.६५ अब्जांश (एक अब्ज रेणूंमागे इतका वाटा) असा खालीवर होतो आणि हा चढउतार तीन मंगळवर्षांत पुन्हापुन्हा दिसतो, असं जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मी 'मिथेनमधील हंगामी बदल' लिहिलं. संपादकांनी 'हंगामी' खोडून 'मोसमी' केलं. त्यांच्या मते हंगामी म्हणजे तात्पुरता, जसे हंगामी कामगार, हंगामी अध्यक्ष. मला 'मोसमी' वाचलं की केरळात दाखल होणारे वारे आठवतात. तिसरा शब्द आहे का? अत्यल्प प्रमाणातल्या वायूंना 'लेशवायू' म्हटलंय, त्यावर कुणाची हरकत नाही.

सायनवादी
'हंगाम' फारसी, मूळ अर्थ वेळ, समय. आंब्याचा हंगाम, उसाचा गाळप हंगाम दरवर्षी येतो; तात्पुरतेपणा कचेऱ्यांनी चिकटवला. 'हंगामा' त्याच घरातला. 'मोसम' अरबी, तोच पोर्तुगीजांच्या तोंडून मान्सून झाला. दोन्ही उसने कशाला? आपल्याकडे 'ऋतू' आहे आणि त्याचं तयार विशेषण आहे : आर्तव.

कोटीभास्कर
छापा. 'मिथेनचे आर्तव बदल.' मासिकाचं नाव सार्थ होईल.

गंधकी
विनोद बाजूला, पण 'आर्तव' वैद्यकाने मासिक पाळीसाठी कधीच पळवलाय, तो परत मिळणार नाही. 'ऋतुजन्य' सुचवणार होतो, पण त्यात 'जन्य' आहे, म्हणजे कारण सांगून टाकलं. आरगॉनच्या बाबतीत ते खरं आहे. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात ध्रुवावर तापमान सुमारे उणे १२५ अंशांवर गेलं की तोच गोठून जमिनीवर बसतो. आरगॉन त्या थंडीत गोठत नाही, तो मागे राहतो. दक्षिण ध्रुवावर भर हिवाळ्यात आरगॉनचं प्रमाण सहापट झालेलं मार्स ओडिसी यानाच्या गॅमा किरण वर्णपटमापकाने नोंदवलंय. हा बदल शंभर टक्के ऋतुजन्य. मिथेनचं कारण मात्र कुणालाच ठाऊक नाही. तिथे फार तर 'ऋतुगत' किंवा 'ऋतूनुसार होणारा' म्हणा.

चाळणी
म्हणजे 'थंडीत आरगॉन वाढतो' हे वाक्य चालेल? माझ्या मसुद्यात आहे.

गंधकी
नाही! आरगॉनचं *प्रमाण* वाढतं. आपला 'प्रमाण' शब्दच घात करतो, कारण तो गुणोत्तरालाही वापरतात आणि राशीलाही. मिश्रणातला वाटा आणि आंशिक दाब (त्या एका वायूचा स्वतःचा दाब) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्बन डायऑक्साइड गोठला की एकूण दाब उतरतो, उरलेल्यांचा वाटा आपोआप वर जातो, मंगळाच्या एकूण हवेत त्यांचा एक रेणूही नवा न येता. म्हणून गेल विवरातल्या ऑक्सिजनचा हिशेब करताना आधी आरगॉन आणि नायट्रोजन कसे हलतात ते पाहतात. ते दोघे दाबाच्या चक्रामागून थोडे रेंगाळत जातात, पण अपेक्षेप्रमाणे. ऑक्सिजन तसा वागत नाही. उत्तर गोलार्धाच्या वसंत-उन्हाळ्यात तो अपेक्षेहून ३० टक्क्यांपर्यंत जास्त भरतो आणि नंतर उतरतो. माहीत असलेल्या प्रकाशरसायनाने इतक्या लवकर तो बनतही नाही, नष्टही होत नाही. इथे 'वाढतो' लिहायला हरकत नाही.

तिरकस
हरकत 'लेश'वर आहे. आरगॉन १.९ टक्के. याला लेश म्हणायचं? मिथेन त्याच्या कोटीपटींनी कमी. दोघे एका पंगतीत कसे?

कोटीभास्कर
'सूक्ष्म वायू' करा. सूक्ष्म अन्नद्रव्यं शेतकऱ्याला कळतात.

तिरकस
वायू सूक्ष्म नसतो, त्याचा वाटा सूक्ष्म असतो. 'विरळ वायू'ही नको, ती मंगळाची अख्खी हवाच आहे.

गंधकी
'लेश' मिथेन, ओझोन, पाण्याची वाफ यांच्यापुरता ठेवा. आरगॉन, नायट्रोजन हे 'गौण घटक'. ऑक्सिजन ०.१६ टक्के, सीमेवरचा. आणि कृपा करून मंगळाभोवती फिरणाऱ्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानाचं 'लेशवायू परिभ्रमक' करू नका, ते विशेषनाम आहे.

सायनवादी
मूळ प्रश्न ऋतूचा होता. चाळणीताई, 'मिथेन उन्हाळ्यात वाढतो' असं कुठे लिहिलंय का? कुणाचा उन्हाळा ते तपासा. गेल विवर विषुववृत्ताच्या दक्षिणेला, पाचेक अंशांवर. मिथेनचा कळस उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्याच्या अखेरीस येतो, म्हणजे विवराच्या स्वतःच्या गोलार्धात तेव्हा हिवाळा संपत असतो. बातम्यांतला 'उन्हाळा' जसाच्या तसा उचलला तर वाचक उकाड्याशी नातं जोडणार. सूर्याचा भोग (वर्षचक्रातलं त्याचं स्थान, अंशांत) द्या, वाद मिटतो. मंगळावरही ० अंश म्हणजे उत्तरेचा वसंतसंपात, ९० ला दक्षिणायन सुरू, पुढे तसंच. आपल्या सायन, म्हणजे संपातापासून मोजणाऱ्या, गणितासारखंच.

तिरकस
पंचांग मंगळावर नेलंत. आता वर्षा ऋतू कुठे बसवणार?

सायनवादी
सहा नकोत, चार पुरेत : वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. फक्त ते समान नसतात हे लिहा. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने उत्तरेचा वसंत सुमारे १९३ मंगळदिनांचा आणि शरद १४३ चा. सूर्य सर्वात जवळ येतो तो भोग २५१ च्या आसपास, म्हणजे दक्षिणेच्या वसंताच्या अखेरीस. त्यामुळे 'दर तीन महिन्यांनी' वगैरे लिहिलं तर चूक. मंगळदिनही २४ तास ३९ मिनिटांहून जास्त.

खर्वपती
'अब्जांश' कुणाला दिसतो? ०.४१ अब्जांश ही सरासरी म्हणजे दहा अब्ज रेणूंत चार. दहा अब्ज म्हणजे खर्व. 'खर्वात चार रेणू' लिहा. एकं दहं शतं शाळेत पाठ केलंय ना?

गंधकी
खर्व आज किती जणांना आकड्यात सांगता येईल? 'अब्जांश' ठेवा, पहिल्यांदा एकदा 'दहा अब्जांत चार' असं फोडून सांगा. 'आकारमानाने' हा शब्दही हवा, वजनाने मोजलं तर आकडा बदलतो.

चाळणी
आणखी एक अडचण. ही चिमूटभर मात्रा मोजण्याआधी नमुन्यातला मिथेन सुमारे २५ पट दाट करतात. त्या क्रियेला मी 'समृद्धीकरण' लिहिलंय. युरेनियमसारखं वाटतं.

गंधकी
'आटवणे' लिहा. बासुंदीत होतं तेच आहे : हवा सावकाश एका शोषकावरून नेतात, तो कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो आणि मिथेन दाट होतो. मग ३.२७ मायक्रॉनचा लेसर आरशांमध्ये ८१ फेऱ्या मारतो, म्हणजे वीसेक सेंटिमीटरच्या नळीत जवळपास १७ मीटरचा मार्ग. आधी नळी रिकामी करून मोजायचं, मग भरून, आणि वजाबाकी. ती का, तर लेसरच्या पुढच्या कप्प्यात पृथ्वीवरून गेलेला मिथेन अडकलेला आहे, लेसर त्यातूनही जातो. आलेल्या फरकाला शेवटी त्या २५ ने भागायचं. न आटवता मोजलं तर मोजमापातल्या त्रुटीची मर्यादाच अख्ख्या अब्जांशाहून मोठी, मग ०.२४ आणि ०.६५ मधला फरक दिसणार कसा?

तिरकस
तो कप्पाच तर वादाचा आहे. ट्रेस गॅस ऑर्बिटरला २०१९ मध्ये ०.०५ अब्जांशापर्यंत शोधूनही मिथेन सापडला नाही. तेव्हा 'मिथेनमधील बदल' नव्हे, 'मोजलेल्या मिथेनमधील बदल'. विशेषणाची चर्चा नंतर.

गंधकी
ते यान उन्हातली, जमिनीपासून काही किलोमीटर वरची हवा पाहतं. गाडी बहुतेक मोजमापं रात्री करते, जमिनीलगत. दिवसा मोजलं तेव्हा गाडीलाही जवळपास शून्यच मिळालं. 'मोजलेल्या' लिहाच, पण 'रात्री' हा शब्दही घाला.

खर्वपती
'आटवणे' मला पटत नाही. विहीर आटते म्हणजे संपते. 'मिथेन आटवला' वाचून मिथेन गेला असंच वाटणार.

कोटीभास्कर
विहिरीत पाणी आटतं, पातेल्यात दूध आटतं. दोन्हीकडे जातं पाणीच.

खर्वपती
मग वाक्यात कर्म 'नमुना' ठेवा : नमुना आटवला.

तिरकस
नमुना हा शब्दही फारसी आहे, सायनवादी काय म्हणतात बघू.