शाहीर 'संतुलित' आहे का? शब्द सुचवा

विश्रामबागकर
रविवारी आमच्याकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायचा खेळ) डाव असतो. धाकट्या मावसभावांनाही आता खेळायचंय, म्हणून नियमांचं दोन पानी मराठी टिपण करतोय. त्यातल्या बार्डला (गाण्यातून मंत्र टाकणारं, सगळ्यातलं थोडं थोडं येणारं पात्र) 'शाहीर' केलं. पुढं लिहिलं, 'हा वर्ग अष्टपैलू असूनही संतुलित आहे का?' वडिलांनी (हळदीची अडत) वाचून विचारलं, "संतुलित? आहार आहे का शाहीर?" बाकीच्यांच्या मानानं हा फार भारी पडतो की अगदीच लेचापेचा, हे एका शब्दात कसं म्हणायचं?

औंधकर
'समतोल' मनाचा असतो, 'तुल्यबळ' दोन पैलवान असतात. तुमच्या पुस्तकात बारा प्रकार, मग साधं 'बरोबरीचा' म्हणा. आणि 'अष्टपैलू' कशाला? अष्ट संस्कृत, पैलू फारसी. 'बहुगुणी' हा शब्द आहे ना चांगला!

कृष्णाकाठ
बहुगुणी हिरडा असतो, औंधकर. आमच्या सांगलीचे विजय हजारे. १९४८ ला अ‍ॅडलेडला दोन्ही डावांत शतकं, शिवाय बोलिंग. त्यांना कुणी बहुगुणी क्रिकेटपटू म्हणालं का? आणि फारसी-अरबी काढायचंच तर 'शाहीर'पण काढा, तो शायरच.

औंधकर
काढाच. 'भाट' म्हणा.

वाळवेकर
वाटेगावचे अण्णा भाऊ आणि रेठऱ्याचे पठ्ठे बापूराव ज्या तालुक्यातले, तिथं भाट खपायचा नाही. भाट धन्याची तारीफ करतो, शाहीर धन्यालाच सुनावतो. पण मला विचाराल तर हा सोंगाड्या. आमच्या जत्रेला एकदा ढोलकीवाला एस्टी चुकून राहिला. सोंगाड्यानं अर्धा वग ढोलकी वाजवली, मधेच उठून हवालदार झाला, परत येऊन बसला. ढोलकी काही खास नव्हती, पण खेळ बंद पडला नाही.

तिसरा_डाव
मूळ प्रश्न कुणी वाचला का? १९७८ च्या पुस्तकात बार्ड व्हायला आधी लढवय्या, मग चोर, मग कुठं ड्रुइडांकडं (निसर्गपूजक मांत्रिक) शिकायचं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मंत्र सहाव्या पातळीलाच संपायचे. तेव्हा त्याला 'एक ना धड भाराभर चिंध्या' म्हणायचे, ते बरोबर होतं. २०१४ च्या आवृत्तीत मंत्र थेट नवव्या पातळीपर्यंत. वर पात्राच्या दुसऱ्या लेव्हलपासून जे येत नाही त्यातही निम्मा प्रावीण्य-बोनस (हातखंडा कामात फाशावरच्या आकड्यात मिळवतात तो). म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर सुरुवातीला फक्त एक. कागदावर चिल्लर. पण आमच्याकडं चोर खेळणारा तिसऱ्या रविवारी रुसून बसला. पहाऱ्याला गंडवायचं, लपायचं, कुलूप बघायचं, सगळीकडं शाहीर आधीच "मी बघतो" म्हणून उभा. एकाही कामात तो चोरापेक्षा फार सरस नव्हता. फक्त चोराला काम उरलं नाही. याला भारी म्हणत नाहीत. डोईजड म्हणतात. 'शाहीर डोईजड होतो का?' असं लिही, विषय संपला.

विश्रामबागकर
डोईजड झकास! वडिलांनाही पटला. पण प्रेरणेच्या फाशाचं ऐकल्यावर (शाहीर आपला सहा बाजूंचा फासा सोबत्याला देतो, पंधराव्या लेव्हलला तोच बारा बाजूंचा होतो) ते म्हणाले, "हा माल नव्हं, पासंग हाय." तागडीच्या हलक्या बाजूला दगड अडकवतात तो. आपल्या पारड्यात काही टाकायचं नाही, दुसऱ्याचं वर गेलेलं पारडं खाली आणायचं. मग त्याला एकट्याला तोलून काय कळणार, असं त्यांचं म्हणणं.

औंधकर
वडिलांची माफी मागून सांगतो, पासंग म्हणजे दगड नव्हे. दोन पारड्यांतला फरक म्हणजे पासंग. शब्द पाव + संग असा असावा, पावशेराच्या संगतीचा.

कृष्णाकाठ
फारसीत संग म्हणजे दगड. संगमरवरातला. आज तुमचा दिवस नाही, औंधकर.

वाळवेकर
आमच्याकडं फरकालाही पासंग, दगडालाही पासंग. आजी म्हणायची, "थोरल्याच्या पासंगाला पुरायचा नाहीस." कितीतरी वर्षं मला वाटायचं, पासंग हे थोरल्याच्या सासरवाडीचं कुणीतरी.

औंधकर
'पुरायचा' की 'लागायचा'? साताऱ्याकडं मी दोन्ही ऐकलंय.

कृष्णाकाठ
पुरायचा. 'लागायचा' म्हणणारे कऱ्हाडच्या वरचे.

तिसरा_डाव
कऱ्हाडचाच आहे मी. 'पुरायचा'च म्हणतो.

विश्रामबागकर
टिपण पोरांना दिलं. डोईजड, पासंग, कशावरच कुणी अडलं नाही. धाकट्यानं एवढंच विचारलं, "वर्ग म्हणजे? शाहीर कितवीत आहे?"