अर्ध्या तासाने एसीचा वारा बंद पडतो: कूलिंग कॉइलचा सेन्सर कसा तपासायचा?

घाटवाट
पेट्रोल हॅचबॅक, साधा मॅन्युअल एसी. सुरुवातीला मस्त गार हवा. हायवेवर ३०-४० मिनिटं झाली की ब्लोअर ४ वर असूनही वारा जेमतेम येतो. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला की पंधरा मिनिटांत पूर्ववत, आणि गाडीखाली भरपूर पाणी. केबिन फिल्टर नवा आहे. गॅरेजवाले गॅस भरू म्हणतात. सेन्सर गेलाय का, ते घरी कळेल?

तारजोड
गॅसला हात लावू देऊ नका. गॅस फारच कमी असता तर हवा बहुधा पहिल्यापासूनच कोमट आली असती. तुमच्या कॉइलवर बर्फ धरतोय, त्यानेच वारा अडतो. कॉइल १ ते ४ अंशांपर्यंत उतरली की थर्मिस्टरच्या (म्हणजे याच सेन्सरच्या, गार झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो) सांगण्यावरून कॉम्प्रेसर कट व्हायला हवा, तो होत नाहीये.

आधी हे करा: एसी चालू असताना सेन्सरचा दोन वायरींचा कनेक्टर काढा (बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्समागे). सर्किट तुटलं की ईसीयूला (गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरला) कॉइल गोठल्यासारखी वाटते आणि कॉम्प्रेसर थांबतो. थांबला नाही तर सेन्सर नव्हे, बहुधा रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) चिकटलाय.

थांबला तर सेन्सर बाहेर काढून मल्टिमीटर २० किलोओहमवर लावा. एकदा खोलीच्या तापमानाला मोजा. मग ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी ढवळून त्यात टोक पाच मिनिटं बुडवा आणि पुन्हा मोजा. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पण २५ अंशांवरून शून्यावर येताना रेझिस्टन्स साधारण तिप्पट व्हायला हवा. आकडा सावकाश चढला पाहिजे, उड्या मारता कामा नये.

घाटवाट
कनेक्टर काढल्यावर कॉम्प्रेसर लगेच थांबला. खोलीत २७ अंशांना २.४ किलोओहम, बर्फात ३.६. कनेक्टरच्या पिना थोड्या हिरवट दिसतात, त्यामुळे तर नाही ना?

तारजोड
सेन्सर गेला. बर्फात सात-आठ किलोओहम दिसायला हवे होते. टोकात ओल शिरली की असं होतं: रेझिस्टन्स चढत नाही, ईसीयूला कॉइल आहे त्यापेक्षा गरम वाटते आणि कॉम्प्रेसर चालूच राहतो. गंजलेल्या पिनांनी उलट होतं. तिथे रेझिस्टन्स वाढतो आणि कॉम्प्रेसर लवकर कट होतो. तरी पिना साफ कराच, नाहीतर नवा सेन्सरही चुकीचं सांगेल.

कोकणकडा
नवा सेन्सर बसवताना टोक जुन्याच जागी, कॉइलच्या पत्र्यांत घट्ट बसलं पाहिजे. कॉइल धुतल्यावर ते पुष्कळदा बाहेर लटकत राहतं, मग चांगला सेन्सरही हवेचं तापमान सांगतो आणि बर्फ पुन्हा धरतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे तर अजून लवकर. मात्र जोर लावून खुपसू नका. ॲल्युमिनियमची नळी फुटली तर सगळा गॅस जाईल आणि कॉइलच बदलावी लागेल.

सेन्सरच्या जागी फिक्स रेझिस्टर टाकून गाडी चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कॉम्प्रेसर कधीच कट होणार नाही.

गॅरेजमध्ये गॅसचा दाब मोजणारं गेज लावलंत तर लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) लक्ष ठेवा. आर-१३४ए गॅस असेल तर २८ पीएसआय म्हणजे कॉइलमधला गॅस जवळपास शून्य अंशांवर. काटा त्याच्या बराच खाली जाऊन तिथेच राहिला तर कॉइल अजून गोठतेय.