सहीआधी वही वाचा

गावातल्या शाळेत पालकांना कोण विचारतं, असं बरेच जण म्हणतात. कायद्यात मात्र उलटं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, शिवाय निम्म्या महिला. विकास आराखडा करायचा आणि अनुदान कुठे गेलं ते बघायचं, हे त्यांचंच काम.

मी दोन वर्षं सदस्य होतो. सभा सकाळी अकराला, म्हणजे कामावर जाणारे आपोआप बाद! मग इतिवृत्ताची वही सहीसाठी घरोघर फिरायची. मीही दोनदा न वाचता सही ठोकली, कबूल. तिसऱ्यांदा सहज पान उलटलं, तर नळदुरुस्ती झाल्याची नोंद. नळ तेव्हाही कोरडाच होता. सभेची वेळ संध्याकाळची मागून घ्या.